आईच्या उजव्या हातासाठी घेतलेला रोबोटिक हातमोजा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पक्षाघातानंतर बोटे उघडावीत-मिटावीत म्हणून हवेच्या दाबावर चालणारा जो रोबोटिक हातमोजा सध्या ऑनलाइन विकला जातो, तो आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या आईसाठी मागवला आणि गेले आठ महिने वापरला. किंमत ६,८०० रुपये पडली. एकच वस्तू निरनिराळ्या नावांनी विकली जाते, डबी, नळ्या आणि बटणे तीच असतात, त्यामुळे विक्रेत्याच्या नावाला येथे महत्त्व नाही. मागवण्यापूर्वी मी या वस्तूखालचे बरेच अभिप्राय वाचले होते. त्यांत पंधरा दिवसांत चमत्कार झाल्याचे सांगणारे आणि पैसे पाण्यात गेल्याचे सांगणारे, असे दोनच प्रकार होते. रुग्णाला झटका येऊन किती दिवस झाले होते, सुरुवातीला हात किती हलत होता, मोजा कोण चढवत होते आणि बाकीचे व्यायाम काय चालू होते, यांतले काहीही कोणी लिहिले नव्हते. हे कळल्याशिवाय एका घरचा अनुभव दुसऱ्या घराच्या कामी येत नाही, म्हणून मी आधी आईच्या हाताची हकिकत सांगतो आणि मग वस्तूकडे वळतो.

आई ६६ वर्षांची आहे. आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे आणि मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. तिला अकरा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास होता, गोळ्या मात्र बरे वाटले की बंद आणि डोके दुखले की सुरू, अशा चालत; शिवाय चाळीस वर्षांची मशेरीची सवय होती. जानेवारीत एका सकाळी अंगण झाडताना तिच्या हातातून खराटा गळून पडला आणि काय झाले ते सांगायला तिला शब्द सापडेनात. गावाकडे याला अंगावरून वारे जाणे म्हणतात, आणि वारे गेले असे म्हटले की पारव्याचे रक्त चोळायला सांगणारे, झाडपाल्याचे औषध देणारे आणि अमुक ठिकाणी तीन वेळा नेल्यास गुण येतो असे छातीठोकपणे सांगणारे सगळे दारात उभे राहतात. त्या दिवशी माझ्या पत्नीने कोणाचेही न ऐकता गाडी काढायला लावली आणि झटका आल्यापासून सुमारे अडीच तासांत आम्ही मिरजेला पोहोचलो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. आईला ते वेळेत मिळाले. हातमोज्याच्या परीक्षणात हे लिहिण्याचे कारण असे की आज आईचा हात ज्या स्थितीत आहे त्यातला सर्वांत मोठा वाटा त्या अडीच तासांचा आहे असे मी मानतो. जे मेंदूत वाचले तेच पुढे व्यायामाने कामाला लावता आले.

दुसरी निर्णायक गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली, आणि तिचे महत्त्व मला पुष्कळ उशिरा कळले. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आईचा उजवा हात मांडीवर ठेवून तिला बोटे उघडायला सांगितली. मधले बोट आणि तर्जनी जेमतेम उचलल्यासारखी झाली. आम्हाला तर ती थरथर वाटली. मग त्यांनी दंड शरीरापासून बाजूला नेण्याचा प्रयत्न करायला सांगितला, आणि तोही किंचित हलला. मॅडमनी ते टिपून घेतले आणि त्यांचा चेहरा उजळला. नंतर वाचनात आले की नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली नेमक्या याच दोन हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिल्या ७२ तासांत ज्या रुग्णाला बोटे थोडी तरी सरळ करता येतात आणि खांद्यातून हात थोडा बाजूला नेता येतो, त्याच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के निघाली, आणि ज्याला या दोन्ही हालचाली जमत नाहीत त्याच्यासाठी ती २५ टक्के. ही शक्यतेची भाषा आहे, कोणा एका माणसाचे भविष्य त्यात लिहिलेले नाही, आणि २५ टक्के म्हणजे शून्यही नव्हे. तरीही हातमोजा विकणारा एकही जण विचारत नाही तो प्रश्न हाच आहे : तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटे किती हलत होती? ज्या घरांत याचे उत्तर "थोडी" असे होते आणि ज्या घरांत ते "अजिबात नाही" असे होते, त्या दोन घरांना एकाच मोज्याचा अनुभव सारखा येणे शक्य नाही.

आता वस्तूविषयी. काळ्या ताणणाऱ्या कापडाचा मोजा असतो, त्याच्या पाठीवर प्रत्येक बोटासाठी एक अशा वळ्या-वळ्यांच्या पाच नळ्या शिवलेल्या असतात. त्या नळ्या मनगटापाशी एकत्र येऊन तळहाताएवढ्या डबीला जोडल्या जातात. डबीतला छोटा पंप नळ्यांत हवा भरतो तेव्हा बोटे मिटतात आणि हवा ओढून घेतो तेव्हा नळ्या आखडून बोटे उघडतात. बॅटरी मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते आणि आमच्याकडे एका चार्जिंगमध्ये साधारण चार वेळा वीस-वीस मिनिटांचा व्यायाम होत असे. सर्व बोटे एकदम, एकेक बोट स्वतंत्र, जोर कमी-जास्त, वेळ कमी-जास्त, असे पर्याय आहेत. सोबत चांगल्या हातात घालायचा दुसरा एक पातळ मोजा येतो, ज्यात बोटांची हालचाल ओळखणारे सेन्सर आहेत. डावा हात मिटला की आजारी उजवा हातही मिटतो, याला ते आरसा-पद्धत म्हणतात. सूचनापत्रक इंग्रजी आणि चिनी भाषेत आहे आणि त्यातले इंग्रजीही इतके अशुद्ध की त्यापेक्षा चित्रे पाहून लवकर कळते. ज्या वस्तूचा बहुतेक वापर घरातल्या बायका करणार आहेत, तिच्यासोबत मराठी-हिंदीतला एक साधा कागद असायला हवा होता.

मोजा चढवणे हे पहिल्या महिन्यात सर्वांत अवघड काम होते. झटक्यानंतर पहिले काही दिवस हात लुळा असतो, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून आईच्या बोटांत ताठरपणा येऊ लागला आणि मूठ आपोआप आवळली जाऊ लागली. आवळलेल्या मुठीवर मोजा ओढायला गेले की ती आणखी आवळते. माझी पत्नी आधी आईचे मनगट खाली वाकवून घेत असे, त्यामुळे बोटे थोडी सैल पडतात, मग अंगठा मुळापासून बाहेर घेऊन एकेक बोट घालत असे. सुरुवातीला या सगळ्याला दहा-बारा मिनिटे लागत, आता तीन पुरतात. बोट ओढून सरळ करण्याची चूक कोणी करू नये. मनगटावर पट्टी घट्ट आवळल्यास हाताला सूज येते, आणि ज्या हाताला स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते त्याला काय टोचते आहे, कुठे दाबले जाते आहे, हे रुग्ण सांगू शकत नाही. आमच्याकडे एकदा करंगळीचे नख आतल्या शिवणीत अडकून कातडी सोलली गेली आणि आईला ते जाणवलेही नाही. तेव्हापासून मोजा काढल्यावर प्रत्येक बोट उजेडात तपासायचे, असा आम्ही नियमच केला.

या मोज्याने जे चांगले केले ते निःसंकोचपणे सांगतो. वीस मिनिटे बोटे हळूहळू उघडत-मिटत राहिली की मूठ सैल पडते आणि हा सैलपणा आमच्या अनुभवात अर्धा ते पाऊण तास टिकतो. तळहात धुता येतो, नखे कापता येतात, घामाने येणारा ओशट वास थांबतो. ज्यांनी पक्षाघाताचा रुग्ण सांभाळला आहे त्यांनाच यातला दिलासा कळेल. सांधे आखडू नयेत म्हणून जी हालचाल घरच्या माणसाला हाताने करावी लागते, तिचा बराचसा भार यंत्र उचलते, आणि ती न थकता, एकाच गतीने उचलते. एवढ्यापुरते पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

मात्र बोट हलणे आणि बोट हलवणे यांत जो फरक आहे तोच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. पहिले दोन आठवडे आई मोजा घालून दूरदर्शनसमोर बसायची. मालिका चालू, पंपाची घरघर चालू, बोटे उघडत-मिटत आहेत, आणि तिचे लक्ष तिकडे नाही. आम्हाला वाटायचे की व्यायाम होतो आहे. मॅडम आठवड्याला घरी येत; त्यांनी हे पाहिले तेव्हा आधी दूरदर्शन बंद केला आणि आईच्या समोर बसून म्हणाल्या, "आजी, बोटं यंत्र उघडतंय, तुम्ही नाही. ते उघडायच्या आधी तुम्ही मनात जोर लावायचा. नाही उघडलं तरी चालेल, पण जोर तुमचाच पाहिजे." मेंदूतल्या वाचलेल्या पेशींनी नवीन वाट घडवायची तर हालचालीचा हुकूम मेंदूतूनच निघाला पाहिजे, बाहेरून कोणी हात हलवून दिला तर सांधा मोकळा राहतो, पण हुकूम देण्याचा सराव होत नाही. त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. "आता उघड" असे मोठ्याने म्हणायचे, आईने डोळे बोटांवर ठेवून प्रयत्न करायचा, आणि मगच यंत्राची हालचाल येऊ द्यायची. आरसा-पद्धतीत हे थोडे सोपे जाते, कारण तिथे वेळ आपल्या हातात असते. तीन आठवड्यांनी आईची तर्जनी यंत्राच्या आधी उचलू लागली.

ते श्रेय मोज्याचे आहे का, याचे प्रामाणिक उत्तर असे की मला ते वेगळे काढून दाखवता येणार नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहूनही सावरत असतो. सूज उतरते, बंद पडलेले भाग पुन्हा जागे होतात, शेजारचे भाग काम उचलतात. कोपनहेगनमध्ये झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ९५ टक्के रुग्णांनी दैनंदिन कामांतली आपली सर्वोत्तम पातळी साडेबारा आठवड्यांच्या आत गाठल्याचे दिसले होते. सौम्य झटका असलेल्यांनी ती आधी गाठली, तीव्र झटका असलेल्यांनी उशिरा. म्हणजे दुसऱ्या महिन्यात घेतलेले तेल, चूर्ण, मोजा किंवा अंगारा, काहीही लागू पडल्यासारखे दिसते. ऑनलाइन अभिप्रायांतले बरेचसे चमत्कार असेच घडलेले असावेत. यंत्राच्या बाबतीत तर इंग्लंड-स्कॉटलंडमधील ७७० रुग्णांवरचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास डोळे उघडणारा आहे. त्यात आमच्या मोज्यापेक्षा कितीतरी महागड्या, रुग्णालयात बसवलेल्या रोबोटवर आठवड्याला तीन वेळा पाऊण-पाऊण तास बारा आठवडे हाताचा सराव देण्यात आला, आणि तरीही नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कार्यक्षमतेत ठळक फरक पडला नाही. मात्र अशा यंत्रांवरील अनेक लहान अभ्यास एकत्र तोलले तर हाताची ताकद आणि दैनंदिन कामे यांत थोडा लाभ दिसतो. हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवूनच सहा-सात हजारांचा निर्णय करावा.

आमच्या घरी हात खऱ्या अर्थाने कामाला लागला तो बेदाण्यांमुळे. मार्चमध्ये शेडवर बेदाणा तयार होत होता आणि निवडायला बायका बसल्या होत्या. आई आयुष्यभर हे काम करत आलेली. मॅडमनी सुचवले की मोज्याने मूठ सैल झाली की लगेच तिच्यासमोर बेदाण्याचे ताट ठेवा, काड्या आणि काळे दाणे उजव्या हाताने वेगळे काढू द्या. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात सात दाणे झाले आणि ती रडली. एप्रिल संपता-संपता तेवढ्याच वेळात शंभराच्या पुढे जात होते. रोजचा आकडा माझी मुलगी वहीत लिहायची. या मोजणीला शास्त्रीय आधार आहे, हे मला मागाहून समजले. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात फिजिओथेरपीच्या एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी अवघ्या ३२ वेळा होतात असे आढळले होते, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडवायला शेकडो आवृत्त्या लागतात. सत्र चाळीस मिनिटांचे असले तरी त्यातला बराच वेळ बसवण्यात, ताणण्यात आणि विश्रांतीत जातो. प्रत्येक बेदाणा म्हणजे एक आवृत्ती, तीही अंगठा आणि तर्जनीची, तीही डोळ्यांसमोर आणि तीही ओळखीच्या कामातली. मोजा हे करू शकत नाही, कारण त्याच्या हालचालीत पकडण्यासारखे काही नसते.

वेळेचाही प्रश्न येथेच येतो. अमेरिकेतल्याच ७२ रुग्णांवरच्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या उपचारांखेरीज २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर दिला गेला. दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान ज्यांना तो मिळाला त्यांचा हात सर्वाधिक सुधारला, पहिल्या महिन्यात मिळालेल्यांचा त्याहून कमी, आणि सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांत लक्षणीय फरक पडला नाही. आईचे बेदाणे योगायोगाने नेमके याच काळात आले. उलट फार घाईही घातक ठरते, हे सांगायला हवे, कारण आमच्याकडे नातेवाइकांचा दुसऱ्याच दिवसापासून "उठवा, चालवा, नाहीतर अंग राहील" असा धोशा चालू होता. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या अभ्यासातून २०१५ साली पुढे आले की पहिल्या २४ तासांत सुरू केलेल्या जास्त वेळा व जास्त वेळ उठवण्याच्या पद्धतीने तीन महिन्यांनंतरचा परिणाम सुधारण्याऐवजी थोडा बिघडला. केव्हा आणि किती उठवायचे हे डॉक्टरांवर सोपवावे आणि भेटायला आलेल्या मंडळींना चहा देऊन शांत बसवावे.

मोज्यात रचनेच्या दोन उणिवा आहेत आणि त्या हाताच्या उपयोगाच्या दृष्टीने मोठ्या आहेत. पहिली अंगठ्याची. नळी अंगठ्याला पुढे-मागे वाकवते, पण पेला धरायचा तर अंगठा तळहातापासून दूर जाऊन बोटांच्या समोर यावा लागतो, आणि अंगठा-तर्जनीमधली ती जागा हा मोजा उघडतच नाही. आम्ही त्यासाठी तिथे मऊ कापडाची गुंडाळी ठेवत असू. दुसरी उणीव मनगटाची. त्याला कोणताही आधार नाही. नळ्यांच्या ओझ्याने मनगट खाली लोंबते, आणि मनगट लोंबलेले असताना केलेली मूठ दुबळीच राहते. टेबलावर जाड टॉवेलची घडी ठेवून हात तिच्यावर टेकवला की हा दोष बराच कमी होतो. खांद्याविषयी तर जाहिरातीत एक अवाक्षरही नाही. लुळ्या हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली सरकतो, आणि अशा वेळी आजारी हात धरून रुग्णाला ओढून उठवले किंवा कप्पीच्या दोरीने हात वर खेचण्याचा व्यायाम दिला तर जे दुखणे लागते ते महिनोन्‌महिने जात नाही. दुखणारा खांदा असला की माणूस हात वापरण्याचे टाळतो आणि मग बोटे कितीही मोकळी असली तरी व्यर्थ. आईला आम्ही पहिल्या आठवड्यातच आजारी हात न ओढता उठवण्याची सवय लावून घेतली, आणि ती पूर्णपणे मॅडमची कृपा.

पाश्चात्त्य मोजपट्ट्यांत जेवण हे काम चमच्याने जमले तरी जमले. रोजची कामे रुग्णाला स्वतः किती जमतात हे मोजणाऱ्या, १९६५ पासून वापरात असलेल्या बार्थेल निर्देशांकात जेवण स्वतः घेता येते की नाही एवढेच विचारतात, आणि आईला त्यात मे महिन्यातच पूर्ण गुण मिळाले, कारण डाव्या हातात चमचा धरून ती जेवत होती. पण ती कोणासमोर जेवायला बसत नव्हती. आमच्याकडे डाव्या हाताने जेवणे अजूनही जड जाते. भाकरी एका हाताने मोडायची, आमटीत बुडवायची, भात कालवून घास करायचा, यात बोटांची जी करामत आहे ती कोणत्याही तक्त्यात नाही. पाहुणे आले की ती भूक नाही म्हणून आत जायची. म्हणून तिने स्वतःच ठरवलेले ध्येय एकच होते : उजव्या हाताने भाताचा घास. ध्येय रुग्णाने ठरवलेले असले की सराव टिकतो, हे मी वाचलेले होते, पण ते डोळ्यांनी पाहिले ते तेव्हा. तिने आधी कोरड्या मुरमुऱ्यांवर, मग दहीभातावर सराव केला. गौरी जेवायच्या दिवशी ती पंगतीत बसली. तिचा घास अजूनही अर्धा ताटात सांडतो, अंगठा पुरेसा पुढे येत नाही, आणि साडीच्या निऱ्या घालणे तिला आजही जमत नाही.

मधला जूनचा महिना मात्र वाईट गेला. आईने मोजा घालायला नकार दिला, बेदाणे संपलेले होते, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शब्द अडत असल्यामुळे तिला काय वाटते आहे हे सांगताही येत नव्हते, आणि आम्ही त्याला हट्ट समजत होतो. पक्षाघाताच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि ते व्यायामाच्या मुळावरच घाव घालते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्हाला अपराधी वाटले. औषधे सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत ती पुन्हा ताटापाशी बसू लागली. नैराश्य नसतानाही हात सुधारावा म्हणून हीच औषधे द्यावीत का, असा एक विचार काही वर्षांपूर्वी पुढे आला होता, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने कार्यक्षमता वाढली नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून ती गोळी स्वतःच आणून देऊ नये.

घरच्यांच्या सेवेबद्दल आपल्याकडे फार अभिमानाने बोलले जाते, आणि माझ्या पत्नीने जे केले त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. तरीही भारतातल्याच १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे सांगितलाच पाहिजे. त्यात एका गटाच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरीच पुनर्वसन करायला लावले, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले, आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, राहिले. यातून घरच्यांनी हात झटकावेत असा अर्थ मी काढत नाही. थोडक्या शिकवणीवर घरच्यांच्या माथी सगळे टाकता येत नाही, एवढा मी काढतो. आमच्याकडे आठवड्यातून एकदा प्रशिक्षित नजर येत होती, आणि मोज्याचा चुकीचा वापर, मनगटाचे लोंबणे, खांदा, नैराश्याची पहिली चाहूल, या चारही गोष्टी तिनेच हेरल्या. एका भेटीचे चारशे रुपये होत. सतरा भेटींत मोज्याची किंमत निघते, आणि ज्या घरी दोन्हींपैकी एकच परवडणार असेल त्यांनी सतरा भेटी घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांची बोटे थोडीफार हलतात, मूठ आवळते पण हाताने सोडवता येते, रुग्ण सूचना समजून प्रयत्न करू शकतो आणि झटक्याला तीन-चार महिन्यांहून अधिक काळ झालेला नाही, त्यांना हा मोजा सरावाची पूर्वतयारी म्हणून उपयोगी पडेल. ताठरपणा इतका असेल की दोन हातांनीही मूठ उघडत नाही, तर या पंपात तेवढा जोर नाही. तो नुसता घरघरतो, आणि अशा वेळी स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम इंजेक्शनांविषयी डॉक्टरांना विचारावे. बोटांत अस्थिभंग, सुजलेले आणि लाल झालेले सांधे, जखम किंवा हाताला मोठी सूज असल्यास मोजा वापरू नये. शरीराची डावी बाजू लुळी पडते अशा झटक्यात काही रुग्णांना ती बाजूच जाणवेनाशी होते, ताटातली डावी भाजी तशीच राहते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे तसे झाले आहे. त्यांच्यासाठी घेतलेला असाच मोजा पडून आहे, कारण ज्या हाताचे भानच नाही त्यावर लक्ष देऊन प्रयत्न करणे त्यांना अजून जमत नाही. त्यांना आधी त्या बाजूकडे बघायला शिकवावे लागते आहे.

टिकाऊपणाला मी कमी गुण देतो. सहाव्या महिन्यात मधल्या बोटाची नळी वळीपाशी चिरली आणि हवा जाऊ लागली. विक्रेत्याकडे नुसता मोजा सुटा मिळाला नाही, वॉरंटी फक्त डबीवर असल्याचे उत्तर आले, आणि शेवटी सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्याने लावलेल्या ठिगळावर ती नळी आजही चालते आहे. कापड धुता येत नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसता येते. उन्हाळ्यात आत पातळ सुती मोजा घालावा. पंपाचा आवाज रात्री शेजारच्या खोलीत ऐकू येतो. एकूण पाचपैकी तीन गुण, त्यातला एक केवळ मूठ सैल करण्याच्या कामासाठी.

मागवताना मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आजारी हात मोजावा, चांगला नव्हे, कारण सुजेने मापात फरक पडतो. दोन मापांच्या मधोमध आल्यास मोठे माप घ्यावे. उजवा आणि डावा मोजा वेगळा असतो आणि जाहिरातीतले चित्र नेहमी एकाच हाताचे असते, आम्ही त्याच गडबडीत पहिल्यांदा डावा मागवला होता आणि बदलून यायला अकरा दिवस गेले.